पाटी ॲपची, घर ब्राउझरचं

‘अडलंय कुठे?’ : वाचकांच्या प्रश्नांचं सदर

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. सगळी टिपणं एका नोंदवहीच्या ॲपमध्ये ठेवते. हे ॲप मी क्रोममधूनच ‘इन्स्टॉल’ केलं होतं आणि त्याचं चिन्ह टास्कबारवर लावून ठेवलंय. गेले दोनेक महिने त्यावर क्लिक केलं की पांढरी विंडो उघडते आणि तशीच बसून राहते. वीस-पंचवीस सेकंदांनी अक्षरं उमटतात. ॲप दोनदा काढून परत टाकलं, लॅपटॉपवरचा पसारा आवरला, काही फरक नाही. तुमच्या सदरात वाचून ब्राउझरचा टास्क मॅनेजर (कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारी यादी) उघडला, पण कुठल्याच एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा साधनाच्या) ओळीत फार मोठा आकडा दिसला नाही. प्रायव्हेट विंडोत मात्र तीच वही चटकन उघडते. माझा संशय शब्दकोशाच्या एक्स्टेन्शनवर आहे, पण त्यात मी चार वर्षं जमवलेले शब्द आहेत. ते काढून टाका एवढं सांगू नका.
– एक भाषांतरकार

उत्तर : नाही सांगत. तुम्ही ते अजून काढलं नाहीत हे फार बरं झालं. एक्स्टेन्शन काढून टाकलं की त्याने ब्राउझरमध्ये साठवलेला माल त्याच्याबरोबर जातो. नुसतं बंद केलं तर जात नाही. तेव्हा पुढचं काहीही करण्याआधी शब्दकोशाच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा, शब्दांची फाइल काढून घ्या आणि ती उघडून बघा. फाइल तयार झाली म्हणजे शब्द आले असं धरून चालू नका. उघडा, मधलेच चार शब्द वाचा.

आता माझी कबुली. टास्क मॅनेजरचा सल्ला माझाच होता. ज्या एक्स्टेन्शनची ओळ सर्वांत जड, तोच चोर, असं मी मागे ठोकून दिलं होतं. ते अर्धंच खरं आहे आणि तुमच्या बाबतीत उरलेलं अर्धं नडलं. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

तुम्ही ज्याला ॲप म्हणता ते ॲप नाही. म्हणजे पाटी ॲपची आहे, घर ब्राउझरचं आहे. त्या विंडोच्या वरच्या पट्टीतले तीन ठिपके दाबा; ‘ओपन इन क्रोम’ अशी ओळ दिसेल. ती दिसली की समजायचं, हे एक वेबपान आहे, फक्त टॅब आणि पत्त्याची पट्टी काढून स्वतंत्र विंडोत बसवलेलं. चालवणारा ब्राउझर तोच, प्रोफाइल तेच, आणि त्या प्रोफाइलमधली एक्स्टेन्शनंही तीच. म्हणून ॲप काढून परत टाकून काही झालं नाही. दाराची पाटी बदलली, घरातली माणसं तिथेच राहिली.

एक्स्टेन्शन दोन ठिकाणी काम करतं. एक भाग पडद्यामागे, स्वतःच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये. टास्क मॅनेजरमध्ये ‘एक्स्टेन्शन’ म्हणून जी ओळ दिसते ती या भागाची. दुसरा भाग म्हणजे कंटेंट स्क्रिप्ट. ही तुकडी थेट तुमच्या पानात उतरते आणि पान ज्या धाग्यावर, म्हणजे कामांच्या ज्या एकाच रांगेत, चालतं त्याच धाग्यावर आपलं काम करून घेते. एका वेळी एकच जण. ही तुकडी शब्द शोधत असते तेव्हा पानाने वाट बघायची. आणि या कामाचा सगळा खर्च टास्क मॅनेजर पानाच्या नावावर टाकतो. तुमच्या शब्दकोशाची ओळ साधीभोळी दिसली आणि नोंदवहीची ओळ फुगलेली दिसली असणार. तुम्ही एक्स्टेन्शनांच्या ओळी तपासल्यात, कारण मी तेवढंच सांगितलं होतं.

प्रायव्हेट विंडोचंही तसंच. तिथे एक्स्टेन्शनं मुळात बंद असतात, आपण मुद्दाम परवानगी दिली असेल तरच चालतात. त्यामुळे ‘प्रायव्हेट विंडोत पळतंय, म्हणजे एक्स्टेन्शनच’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण प्रायव्हेट विंडोत तुमचं लॉगिनही नसतं. चार वर्षांच्या टिपणांऐवजी कोरा प्रवेशदरवाजा उघडला, तर तो लवकर उघडणारच! तुम्ही तिथे लॉगिन करून, टिपणं येईपर्यंत वेळ मोजला होता का, असं मी उलट पत्रात विचारलं. उत्तर आलं, ‘नाही हो.’

म्हणून मोजणी नव्याने केली. तुम्ही पाठवलेले आकडे तुमच्या परवानगीने इथे देते आहे, कारण इतर बऱ्याच जणांना ते उपयोगी पडतील.

मोजायचं कसं? फोनमधलं स्टॉपवॉच पुरतं. क्लिक केल्यापासून वहीत पहिलं अक्षर टाइप होईपर्यंत. विंडो दिसली की घड्याळ थांबवायचं नाही. पांढरी विंडो सगळ्यांचीच लवकर येते. लॅपटॉप सुरू केल्यानंतरची पहिली वेळ सोडून द्यायची, कारण तेव्हा सगळ्या फायली डिस्कवरून यायच्या असतात. नंतर त्यातल्या बऱ्याच मेमरीत तयार असतात. प्रत्येक स्थितीत तीनदा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा. आणि दर वेळी ब्राउझर खरोखर बंद झालाय ना, हे बघायचं. सगळ्या विंडो मिटल्या तरी क्रोम मागे चालू राहू शकतो. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली बॅकग्राउंड ॲप्सचा स्विच आहे, तो मोजणीपुरता बंद करा. एज वापरणाऱ्यांनी ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करावं. ते ब्राउझरचे काही भाग आधीच मेमरीत आणून ठेवतं आणि आपली मोजणी बिघडवतं.

तुमची एक्स्टेन्शनं 11 निघाली. (‘इतकी?’ हा तुमचाच उद्गार. सगळ्यांचा असतो.) सगळी चालू असताना 23, 21, 24 सेकंद, धरले 23. सगळी बंद करून 5. इथे मी सुटकेचा श्वास टाकला, कारण 5 म्हणजे लॅपटॉप बरा आहे, इंटरनेट बरं आहे, वहीसुद्धा बरी आहे. अठरा सेकंद कुणीतरी खातंय आणि तो याच अकरांमध्ये आहे.

एकेक बंद करत बसण्यापेक्षा निम्मी-निम्मी करावीत. एकच चोर असेल तर 11 मधून तो चार फेऱ्यांत सापडतो. पाच चालू, सहा बंद. ॲप रखडलं तर चोर त्या पाचांत, नाहीतर सहांत. मग त्यांचे पुन्हा दोन भाग. तुमच्या पहिल्याच फेरीत गंमत झाली. पहिल्या पाचांवर 17 सेकंद लागले आणि उरलेल्या सहांवर 11. दोन्ही बाजू रखडल्या! तुम्ही लिहिलंत, ‘माझं काहीतरी चुकलं, परत करते.’ परत केलंत, आकडे तेच. चुकलं काहीच नव्हतं. चोर दोन होते. एक 12 सेकंद खात होता, दुसरा 6. बेरीज बरोबर 18. (हिशेब इतका तंतोतंत जुळणं हा योगायोग. सहसा ही मंडळी एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि बेरीज भलतीच येते.)

घड्याळाशिवाय हे कधीच कळलं नसतं. समजा तुम्ही अंदाजाने सहा सेकंदवालं एक्स्टेन्शन बंद केलं असतं. तेवीसचे सतरा झाले असते. पांढऱ्या विंडोकडे बघत बसलेल्या माणसाला तेवीस आणि सतरा सारखेच वाटतात. ‘हे नाही’ म्हणून तुम्ही ते परत चालू केलं असतं, आणि पुढच्या संशयिताकडे वळला असता.

सहांतला चोर निघाला पानं काळी करणारं डार्क मोडचं एक्स्टेन्शन. तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत सापडलं. या प्रकारातली बरीच एक्स्टेन्शनं पानातल्या प्रत्येक घटकाचा रंग वाचून त्याच्या जागी नवा रंग काढतात. वर्तमानपत्राच्या एका लेखावर ते खपून जातं; शेकडो टिपणांच्या यादीवर नाही. त्यात तुमच्या वहीला स्वतःचा डार्क मोड आहेच. ते एक्स्टेन्शन सरळ काढून टाकलंत, छान केलंत.

पाचांतला चोर तुम्ही म्हणत होता तोच. आता तो 12 सेकंद कसे खातो ते जरा जवळून बघितलं, कारण मला राहवेना. नोंदवही उघडी ठेवून एफ बारा दाबलं, की डेव्हलपर टूल्स उघडतात. त्यात ‘परफॉर्मन्स’ हा टॅब. रेकॉर्ड सुरू ठेवून पान पुन्हा लोड करायचं आणि अक्षरं दिसली की थांबवायचं. पिवळ्या पट्ट्यांची एक रांग मिळते; पिवळी म्हणजे स्क्रिप्ट चालत होती. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पट्ट्या एकापाठोपाठ एक चिकटून होत्या, मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. लांब पट्टीवर क्लिक केल्यावर खाली फाइलचा पत्ता आला. त्याची सुरुवात ‘क्रोम-एक्स्टेन्शन’ अशी आणि पुढे 32 अक्षरांची लांबलचक माळ. ही माळ म्हणजे एक्स्टेन्शनचा ओळखक्रमांक. तिच्यात आकडे नसतात, इंग्रजी वर्णमालेतली पहिली 16 अक्षरंच असतात, त्यामुळे ती वाचताना कुणी झोपेत टाइप केल्यासारखी वाटते. ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’च्या पानावर ‘डेव्हलपर मोड’चा स्विच चालू केला की प्रत्येक एक्स्टेन्शनखाली त्याची माळ दिसते. दोन्ही जुळवल्या. शब्दकोश.

आणि तो करत काय होता? त्याच्या सेटिंग्जमध्ये तुम्हाला एक स्विच सापडला : ‘जतन केलेले शब्द पानात अधोरेखित करा.’ चालू. तुम्ही तो कधी चालू केल्याचं तुम्हाला आठवत नाही, आणि मला तुमचं पटतं. एक्स्टेन्शनं स्वतःला गुपचूप अपडेट करतात. नवी, धाक वाटावा अशी परवानगी लागत असेल तरच ब्राउझर थांबवून आपल्याला विचारतो. जुन्या परवानगीत बसणारं नवं काम असेल तर विचारायचं कारणच नाही. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी तुम्ही चार वर्षांपूर्वीच देऊन बसला होता. दोन महिन्यांपूर्वी काय बिघडलं, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच : बहुधा अपडेटबरोबर हा स्विच आला आणि चालू स्थितीतच आला.

त्यात वही आपलं पान एकदम उघडत नाही, तुकड्या-तुकड्याने रचते. एक तुकडा आला की शब्दकोश जागा होतो, तुमचे चार वर्षांचे शब्द घेऊन त्या तुकड्यावरून बोट फिरवतो, रेघा मारतो. त्या रेघा हासुद्धा पानातला बदलच, म्हणून तो पुन्हा जागा होतो. तोवर पुढचा तुकडा दाराशी उभा. नवं पुस्तक हातात आल्यावर प्रत्येक पानावर आपलंच नाव शोधणाऱ्या माणसासारखं.

उपाय मात्र दोन मिनिटांचा. ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’मध्ये शब्दकोशाचे ‘डिटेल्स’ उघडा. तिथे ‘साइट ॲक्सेस’ आहे आणि त्याचे तीन पर्याय : क्लिक केल्यावर, ठरावीक साइटवर, सर्व साइटवर. सर्वांवरून ठरावीकवर या आणि जिथे तुम्ही मूळ मजकूर वाचता त्याच साइट यादीत टाका. नोंदवही टाकू नका. मग ब्राउझर बंद करून उघडा. तुमचं शेवटचं पत्र एका ओळीचं होतं, ‘सहा सेकंद. शब्द शाबूत.’ पाचऐवजी सहा का, हे मी शोधणार नाही. तुम्हीही शोधू नका.

प्रश्न : मॅनिफेस्ट व्ही थ्री (एक्स्टेन्शनं कशी बांधायची याची नवी नियमावली) आल्यापासून क्रोमची एक्स्टेन्शनं हलकी झाली असं वाचलं होतं. मग हा त्रास अजून का?
– एक विद्यार्थी

उत्तर : हलका झाला तो पडद्यामागचा भाग. पूर्वी तो ब्राउझर उघडल्यापासून बंद होईपर्यंत दिवसभर जागा राहू शकायचा. नव्या रचनेत 30 सेकंद काही काम नसलं की त्याला झोपवलं जातं आणि काम आलं की उठवलं जातं. जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं क्रोमने 2024 पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. याने मेमरी वाचते हे खरं. पण पानात उतरणारी तुकडी, म्हणजे वरच्या उत्तरातला चोर, या नियमाखाली येत नाही. ती पान उघडं असेपर्यंत पानातच असते. शिवाय झोपलेल्याला उठवायलाही क्षणभर लागतो. एखाद्या एक्स्टेन्शनचं चिन्ह बऱ्याच वेळाने दाबलं की पहिल्यांदा किंचित अडखळतं, ते त्यामुळेच.

प्रश्न : आमच्याकडे फायरफॉक्स. ट्रबलशूट मोडमध्ये तो एकदम वेगाने उघडतो. म्हणजे एक्स्टेन्शनचाच दोष ना?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, शक्यता दाट आहे, पण पुरावा अपुरा आहे. ट्रबलशूट मोड (2021 पर्यंत याचंच नाव सेफ मोड होतं) एक्स्टेन्शनं बंद करतो, पण त्याबरोबर थीम आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशनही (चित्रं रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय) बंद करतो. एखाद्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे फायरफॉक्स रखडत असेल तर तोही त्या मोडमध्ये पळेल आणि दोष मात्र एक्स्टेन्शनांच्या माथी बसेल. म्हणून नेहमीच्या मोडमध्ये परत या, सेटिंग्जमध्ये फक्त हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून एकदा मोजा. फरक पडला नाही तर मग ‘ॲड-ऑन्स अँड थीम्स’मध्ये जाऊन निम्मी-निम्मी. एक लक्षात असू द्या : फायरफॉक्सच्या टास्क मॅनेजरमध्ये सगळी एक्स्टेन्शनं एकाच प्रोसेसमध्ये, एकाच गठ्ठ्यात दिसतात. तिथे एकट्यादुकट्यावर बोट ठेवणं क्रोमपेक्षाही अवघड. घड्याळच बरं.

प्रश्न : एक एक्स्टेन्शन मी कधी घेतलंच नाही, तरी ते आहे. ‘रिमूव्ह’चं बटणच दिसत नाही. ते आल्यापासून सगळी ॲप उशिरा उघडतात.
– नाव नको

उत्तर : क्रोमचा मेन्यू उघडून अगदी तळाला बघा. ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ असेल तर ते एक्स्टेन्शन धोरण म्हणून, म्हणजे वरून लावलेल्या नियमाने, बसवलं गेलंय आणि ते काढणं तुमच्या हातात ठेवलेलं नाही. संगणक ऑफिसचा असेल तर स्वतः झटापट करू नका. वर सांगितलेली मोजणी करा, चालू-बंदचे आकडे नाही मिळाले तरी उशीर किती आणि कधीपासून एवढं लिहा आणि ते सिस्टम बघणाऱ्यांना पाठवा. ‘फार स्लो आहे’ या तक्रारीला ‘रीस्टार्ट करून बघा’ हे उत्तर ठरलेलं आहे. मीही अशा तक्रारींना वर्षानुवर्षं तेच दिलंय. ‘पूर्वी 6 सेकंद, सोमवारपासून 20’ या तक्रारीपुढे ते उत्तर चालत नाही. संगणक तुमचा स्वतःचा असेल आणि तरीही ही ओळ दिसत असेल तर मामला वेगळा आहे : कुठल्यातरी प्रोग्रॅमने तुमच्या नकळत ते धोरण लावून ठेवलंय. अलीकडे काय इन्स्टॉल केलंत ते आठवा, ते काढा आणि अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

प्रश्न : ब्राउझरचा वेग वाढवणारं एखादं चांगलं एक्स्टेन्शन सुचवा.
– एक नवा वाचक

उत्तर : नाही सुचवत. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ एके काळी लाखो लोक वापरत होते, आणि ते खरंच चांगलं होतं. 2020 मध्ये त्याची मालकी बदलली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. ज्यांचे टॅब त्याने झोपवले होते, त्यांना ते परत मिळवताना नाकी नऊ आले. आता तेच काम क्रोम स्वतः करतो. 2022 च्या अखेरीस ‘मेमरी सेव्हर’ आलं, सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली सापडेल. ते चालू करा आणि तुमच्या एक्स्टेन्शनांची यादी एकदा वाचून काढा. किती निघाली ते मला कळवा. अकराचा आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही.